पंचवीस सीसी आणि दोन पट्टे

निवृत्त माणसाच्या हाती मोकळा वेळ आणि भरलेली हत्यारांची पेटी एकदमच आली की घरच्यांनी सावध राहावे, हे प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या बहिणीला चांगले ठाऊक होते. पण तिचे लक्ष भलतीकडे होते. भावोजी फंडाचे पैसे शेअरबाजारात घालतील अशी तिला धास्ती होती. त्यांनी ते पुलीत घातले.

भावोजींचा जन्म पिंपरीच्या एका कारखान्यात, मेंटेनन्स खात्यात गेला. अशा माणसांना फिरणारी वस्तू दिसली की राहवत नाही. ताईने दळण आणायला पाठवले तर ते डबा टेकवून आधी गिरणीच्या पट्ट्याखाली वाकतात आणि ‘ताण जास्त झालाय, बेअरिंग खाईल’ असे गिरणीवाल्याला सुनावतात. तेव्हापासून गिरणीवाला त्यांचे दळण सगळ्यांच्या आधी काढून देतो. ताईला वाटते, हा मान आहे.

असा गृहस्थ निवृत्तीनंतर सायकलला इंजिन बसवणार हे ओघानेच आले. नवल एवढेच की त्यांना गिअर दोन हवे होते, आणि तेही पट्ट्यावर चालणारे.

कामाला हात घालण्याआधी भावोजींनी कायदा वाचला. ही सवयही कारखान्यातलीच. तिथे युनियन होती. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८)मध्ये मोटार वाहन कशाला म्हणावे हे सांगितले आहे आणि कशाला म्हणू नये हेही. रुळांवर चालणारे वाहन मोटार वाहन नव्हे. फक्त कारखान्याच्या आवारात वापरायचे खास बनावटीचे वाहनही नव्हे. आणि चारांपेक्षा कमी चाके असलेले, २५ घनसेंटिमीटरपर्यंतचेच इंजिन बसवलेले वाहन, तेही नव्हे. ही शेवटची ओळ भावोजींनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचली. मग त्या पानाची झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून, सायकलच्या दांड्याला बांधायची तजवीज केली. चौकातल्या हवालदाराने अडवले तर त्याच्या हातात द्यायला. सायकल अजून कोरी होती, इंजिनाचा पत्ता नव्हता. कागदपत्रे मात्र पूर्ण होती.

इंजिन आले ते गवत कापायच्या यंत्रातले. होंडाचे जीएक्स २५ हे असले एक इंजिन: फोर-स्ट्रोक, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल कालवायची कटकट नाही, वजन तीन किलोंच्या आत, आणि ताकद मिनिटाला ७००० फेऱ्यांवर ०.७२ किलोवॅट, म्हणजे जेमतेम एक अश्वशक्ती. ते उचलून बघताना ताईने विचारले, “एवढंसं? हे तुम्हाला ओढणार?” प्रश्नात इंजिनाच्या आकाराइतकाच भावोजींच्या आकाराचाही उल्लेख होता.

भावोजींनी उत्तर दिले नाही. एका लग्नपत्रिकेची कोरी पाठ पुढे ओढली आणि गणित मांडले. ते गणित प्रस्तुत लेखकाने नंतर तपासले. ते बरोबर आहे, आणि वाचकांनी दोन मिनिटे दम धरला तर दोन गिअरांचे सगळे रामायण त्यातच आहे.

सायकलचे २६ इंची चाक एका फेरीत साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर पुढे जाते. इंजिन मिनिटाला ७००० वेळा फिरते. ते थेट चाकाला जोडले तर हिशेबाने सायकल ताशी ८६९ किलोमीटर जायला हवी, म्हणजे जवळपास प्रवासी विमानाच्या वेगाने. अर्थात एका अश्वशक्तीत ते चाक जागचे हलणारसुद्धा नाही. म्हणून इंजिनाच्या फेऱ्या कमी करत करत चाकापर्यंत न्यायच्या. ३५ फेऱ्यांना चाकाची एक असे प्रमाण ठेवले तर वेग येतो ताशी २५, २२.४ला एक ठेवले तर ३९. यातला कोणता घ्यायचा?

इथे वजन आले. भावोजींनी स्वतःचे वजन ६५ लिहिले. ताईने चष्मा लावला, तो आकडा खोडून ७२ केला आणि भाजी परतायला निघून गेली. सायकल १८ किलो, इंजिन आणि लोखंड १०, एकूण १००. सपाट रस्त्यावर ताशी ३९ने जाताना मुख्य विरोध हवेचा. तो आणि चाकांचे घर्षण मिळून लागतात साधारण साडेपाचशे वॅट. भावोजींच्या सोसायटीच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत मात्र चढ आहे. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून त्यांनी तो मोजला, तर शंभर फुटांना सहा फूट भरला. हा चढ ताशी २५ने चढायचा तर लागतात पावणेसहाशे वॅटच्या आसपास. म्हणजे दोन्ही कामांना ताकद जवळपास सारखीच, आणि पट्टे-साखळीतली गळती वजा जाता इंजिन तेवढी देऊ शकते. फरक आहे तो फक्त चाक किती वेगाने फिरायला हवे याचा.

एकच गिअर ठेवला, तोही पळण्याचा, तर चढावर वेग पडतो. वेग पडला की इंजिनाच्या फेऱ्या ७०००वरून साडेचार हजारांवर येतात. तेवढ्या फेऱ्यांवर हे इंजिन साडेचारशे वॅटच्या आसपासच देते. ते पुरत नाहीत, म्हणून वेग आणखी पडतो, म्हणून ताकद आणखी घटते, आणि स्वार उतरून सायकल ढकलू लागतो. एकच गिअर ठेवला, तोही चढाचा, तर सपाटीवर इंजिन जिवाच्या आकांताने ओरडते आणि शाळेला उशीर झालेली पोरे नुसत्या पायांनी पुढे निघून जातात. म्हणून गिअर दोन. पत्रिकेच्या पाठीवर आणखी जागा नव्हती. पुढच्या बाजूला वधूवरांची नावे होती. भावोजींनी त्यांच्या भोवतीने पुलींची मापे लिहिली.

आता या टप्प्यावर कोणताही समंजस माणूस बाजारात जाऊन गिअरवाली सायकल आणेल आणि तिच्याच साखळीला इंजिन जोडेल. परदेशात तसे करणारे पुष्कळ आहेत. पण भावोजींचे म्हणणे, साखळी माणसाच्या पायांसाठी ठीक. एकाच सिलिंडरचे इंजिन प्रत्येक स्फोटाला हिसका देते, तो साखळी जसाच्या तसा पुढे पोचवते. पट्टा तो हिसका पोटात घालतो. आणि फारच झाले तर घसरतो. मोडत काहीच नाही. “घसरणं हा दोष नाही, फ्यूज आहे,” असे ते म्हणाले. भाची नुकतीच इंजिनिअर झालेली. ती म्हणाली, “पप्पा, हे वाक्य तुमच्या मित्रांसमोर म्हणू नका.”

शिवाय भावोजींना एकदम इतिहास आठवला. त्यांना इतिहास नेहमी जेवताना आठवतो, कारण तेव्हा समोरच्याला उठता येत नाही.

मोटारसायकल जन्माला आली तेव्हा ती पट्ट्यावरची सायकलच होती. इंजिनाला एक लहान पुली, मागच्या चाकाला मोठी रिंग, मध्ये चामड्याचा पट्टा. गिअर एकच. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९०७ साली टीटी शर्यत सुरू झाली, तेव्हा चढावर स्वार सरळ पेडल मारत. पुढच्या वर्षी आयोजकांनी पेडलेच बंद केली. पावसात चामडे भिजले की पट्टा सैल पडे आणि घसरे. दोष सगळ्यांचा सारखाच असल्यामुळे शर्यत न्याय्य होती.

मग झेनिथ कंपनीचे फ्रेडी बार्न्स आले आणि त्यांनी हा न्याय बिघडवला. त्यांच्या ‘ग्रॅड्युआ’ गिअरमध्ये इंजिनाच्या पुलीचे दोन तुकडे असत. टाकीवर कॉफीच्या गिरणीसारखा एक दांडा होता. तो फिरवला की तुकडे एकमेकांपासून दूर सरत, पट्टा खोल खाली जाई, म्हणजे पुली लहान झाल्यासारखी होई आणि गिअर हलका होई. पण पुली लहान झाली की पट्टा ढिला पडणार. त्यावर बार्न्स यांचा तोडगा सांगताना भावोजी दर वेळी जेवायचे थांबतात: त्याच दांड्याने मागचे अख्खे चाकच मागे सरके! पट्ट्याचा ताण कायम. चढ चढता चढता गाडी लांब होत जाई.

हे यंत्र चढाच्या शर्यती इतक्या सहज जिंकू लागले की काही क्लबांनी त्याला एक गिअर असलेल्या गाड्यांबरोबर उतरायलाच बंदी केली. इतर कोणी असता तर रडत बसला असता. झेनिथने ‘बार्ड’ म्हणजे ‘बंदी घातलेली’ हा शब्दच आपल्या बोधचिन्हात घेतला आणि तुरुंगाच्या गजांआड उभ्या असलेल्या गाडीचे चित्र काढून जाहिराती केल्या. अपात्रतेचा इतका चांगला उपयोग आपल्याकडे फक्त राजकारणात झालेला आहे.

रज कंपनीने पुढे मागच्या चाकाची पुलीही आकुंचन पावणारी केली. पुढची मोठी होताना मागची लहान, पुढची लहान होताना मागची मोठी. त्यामुळे चाक हलवायची गरज उरली नाही. ही ‘रज मल्टी’ घेऊन सिरिल पुलिन यांनी १९१४ची सीनियर टीटी जिंकली. पण तोवर पट्ट्याचे दिवस भरत आले होते. १९११ साली टीटी पहिल्यांदा स्नेफेल डोंगरावरून गेली, आणि त्या डोंगराने अमेरिकेच्या ‘इंडियन’ गाड्यांना पहिले तिन्ही क्रमांक देऊन टाकले. त्यांना साखळी होती आणि दोन गिअरांची पेटी.

भावोजींचा खरा देव मात्र आल्फ्रेड अँगस स्कॉट. यॉर्कशरच्या या माणसाने गिअरची पेटी वगैरे भानगड केलीच नाही. इंजिनापासून शेजारी-शेजारी दोन साखळ्या काढल्या, एक चढाच्या प्रमाणाची, एक पळण्याची. दोन्ही कायम फिरत. पायाखालची पट्टी पुढे दाबली की एक साखळी कामाला लागे, मागे दाबली की दुसरी, मध्ये ठेवली की कोणतीच नाही. १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षे स्कॉट गाड्यांनी सीनियर टीटी मारली. भावोजी करू पाहत होते ते एवढेच: स्कॉटच्या साखळ्या काढून तिथे दोन पट्टे टाकायचे. हे ऐकून ताई म्हणाली, “मग तो मेला शंभर वर्षांपूर्वी करून मोकळा झालाय ना? आमटी घ्या.”

यंत्राची रचना अशी ठरली. इंजिनाच्या दोन इंची पुलीवरून पट्टा आठ इंची पुलीवर. इथे फेऱ्या चौपट कमी. ही आठ इंची पुली ज्या शाफ्टवर, त्याच शाफ्टवर शेजारी-शेजारी आणखी दोन लहान पुल्या: एक दोन इंची, एक अडीच इंची. त्यांच्यासमोर दुसऱ्या शाफ्टवर पाच इंची आणि चार इंची. दोनवरून पाचवर जाणारा पट्टा म्हणजे पहिला गिअर, अडीचवरून चारवर जाणारा म्हणजे दुसरा. तिथून पुढे १२ दात्यांवरून ४२ दात्यांवर साखळी, चाकापर्यंत. चार गुणिले अडीच गुणिले साडेतीन, बरोबर पस्तीस. चार गुणिले १.६ गुणिले साडेतीन, बरोबर बावीस पूर्णांक चार. शेवटी साखळी आलीच, हे प्रस्तुत लेखकाने लक्षात आणून दिले. त्यावर भावोजींनी पाणी मागितले.

पुण्यात अशा कामाची सुरुवात जुन्या बाजारातून होते. कुंभारवेशीजवळचा हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि तिथे पंख्याच्या पात्यापासून लेथच्या चकपर्यंत काहीही सुटे मिळते; फक्त जोडी मिळत नाही. पुली हातात घेऊन भावोजी तिच्या खाचेत बोट फिरवत होते.

“कशाला पायजे? गिरणीला का पंपाला?” दुकानदाराने विचारले.

“सायकलला.”

दुकानदाराने आधी भावोजींकडे, मग सोबत आलेल्या लेखकाकडे पाहिले आणि भाव वाढवला. गरजेला घासाघीस चालते, हौसेला नाही, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

खाचेत बोट फिरवण्याला मात्र अर्थ होता. सपाट पट्टा नुसत्या दाबाने पकडतो. व्ही-बेल्ट खाचेत पाचरीने बसतो. खाचेचा कोन ३८ अंश असेल तर त्याच ताणात पकड सपाट पट्ट्याच्या तिप्पट होते. त्याच कारणाने खाच झिजून पट्टा तळाला टेकू लागला की पाचर संपते आणि पुली भंगारात जाते. जुन्या बाजारातली पुली तिथे का आली आहे, हे ते बोट सांगते. रबराचा व्ही-बेल्ट अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ साली काढला, असे सांगतात. म्हणजे चामड्याचे पट्टे घसरून स्वारांनी साखळ्या घेतल्या, त्यानंतर. आता तो कोणत्याही पेठेत नंबरावर मिळतो. ए म्हणजे वरून १३ मिलिमीटर रुंद आणि ८ जाड, पुढचा आकडा आतल्या लांबीचा, इंचांत. ए-२६ मागितला की २६ इंचांचा मिळतो आणि दुकानदार ‘कशाला’ विचारत नाही.

पुल्यांना भोके पाडून, की-वे मारून घ्यायला भोसरीच्या एका वर्कशॉपात जावे लागले. टर्नर तरुण होता.

“किती नग?”

“एकच.”

त्याने लेथ बंद केला. बाजूला मोठ्या कंपनीचे एकसारखे बुश क्रेटमध्ये रचून ठेवलेले होते. एक नग करून मागणारा माणूस भोसरीत एक तर परीक्षेला प्रोजेक्ट असलेला विद्यार्थी असतो किंवा निवृत्त असतो. भावोजींच्या केसांकडे पाहून त्याने निकाल लावला आणि एकदम अदबीने बोलू लागला. “साहेब, नुसत्या ग्रब स्क्रूवर भागवू नका. इंजिन झटका मारणार, पुली शाफ्टवर फिरणार. की-वेच मारू.” हे ऐकून भावोजींचा चेहरा उजळला. घरात त्यांना असे कोणी बोलत नाही.

सगळ्यात नाजूक काम पाच इंची पुलीचे होते. दोन्ही पट्टे एकाच शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरवू लागले तर दोघांपैकी एक जळणार. म्हणून पहिल्या गिअरची पुली शाफ्टवर पक्की न बसवता मध्ये सायकलचे साधे फ्रीव्हील घालायचे. फ्रीव्हील एका बाजूने पकडते, दुसऱ्या बाजूने मोकळे सुटते. दुसरा पट्टा शाफ्टला जास्त वेगाने फिरवू लागला की पहिला आपोआप सुटतो आणि फ्रीव्हील टिकटिक करत मागे राहते. दुसरा सोडला की पहिला परत पकडतो. खटका नाही, न्यूट्रल नाही, गिअर शोधणे नाही. फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असतात. टर्नरने ते काढले आणि फ्रीव्हील हाताने फिरवत शेवटपर्यंत नेले. कुठेही अडले नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. लेखक त्या क्षणी तिथे परका होता.

दुसरा पट्टा एरवी ढिला असतो. हँडलवरच्या जुन्या ब्रेकच्या मुठीतून आलेली तार एक लहान चाक, म्हणजे जॉकी, त्या पट्ट्यावर दाबते. ताण आला की पट्टा पकडतो. गवत कापायच्या मोठ्या यंत्रांत आणि पॉवर टिलरमध्ये असेच पट्ट्याचे क्लच असतात. जॉकी कुठे बसवायची याला मात्र नियम आहे. फिरणाऱ्या पट्ट्याची एक बाजू ओढली जात असते, ती ताठ. दुसरी परत येत असते, ती सैल. जॉकी नेहमी सैल बाजूला. भावोजींनी कारखान्यात शिकाऊ पोरांना हे जन्मभर शिकवले. पण सायकलच्या सांगाड्यात सैल बाजूला जागा नव्हती आणि ताठ बाजूला ऐसपैस होती. त्यांनी जॉकी जागेप्रमाणे बसवली. इंजिनाने जोर लावला, ताठ बाजू सरळ व्हायला बघू लागली, जॉकी उडाली आणि मूठ भावोजींच्या बोटांतून सुटून दांड्यावर आदळली. लॅमिनेट केलेल्या कायद्याला तडा गेला. “सांगाड्याचं डिझाइन चुकलंय,” ते म्हणाले. मग सांगाड्याला एक पट्टी वेल्ड करून जॉकी सैल बाजूला गेली, पट्ट्याच्या बाहेरून, म्हणजे पट्टा लहान पुलीला जास्त विळखा घालू लागला आणि पकड आपोआप वाढली.

एवढे होऊनही एक भूत राहिले होते. जॉकी उचललेली, तरी दुसरा पट्टा मधूनच पकडे. सपाटीवर हळू चालताना सायकल अचानक पुढे झेपावे. ढिला पट्टा फिरत्या पुलीवर लोळत राहतो, आणि लोळता लोळता खाचेत शिरतो. उपाय फालतू दिसणारा आहे: सहा मिलिमीटरची सळई वाकवून पुलीभोवती दोन आडोसे करायचे, ताणलेल्या पट्ट्यापासून तीन मिलिमीटर लांब. पट्टा ढिला पडला की फुगतो, आडोशाला टेकतो आणि पुलीपासून सुटा राहतो. या दोन वाकड्या सळयांचे चित्र पत्रिकेवर कुठेच नव्हते. यंत्र चालते ते त्यांच्यामुळे.

चाचणीला रविवारची सकाळ निवडली गेली. सोसायटीच्या कट्ट्यावरचे ज्येष्ठ नागरिक चढाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. पालखीच्या वेळी राहतात तसे नव्हे, रस्ता खोदताना राहतात तसे. भावोजींनी दोरी ओढली. इंजिन सुरू झाले. थोडे पेडल मारले, इंजिनातला सेंट्रिफ्यूगल क्लच पकडला आणि पहिल्या पट्ट्यावर सायकल चढाला लागली. वेग बेताचा, आवाज बेसुमार. वॉचमनने उठून फाटक उघडले, ते सकाळपासून उघडेच होते. वर पोचल्यावर भावोजींनी मूठ दाबली. आवाज एकदम खाली आला, फ्रीव्हील टिकटिकू लागले, सायकल पुढे निघाली आणि मागे जळक्या रबराचा वास राहिला.

तो वास पुढे कमी झाला. मूठ फार सावकाश दाबली तर पट्टा घसरत राहतो आणि त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. मग तो कितीही ताणला तरी पकडत नाही. झटक्यात दाबली तर इंजिन गुदमरते. दोहोंच्या मधले काहीतरी हाताला शिकावे लागते. कागदावर ताशी ३९ होते. फोनवरच्या जीपीएसने ३५ दाखवले. भावोजी म्हणतात, समोरून वारा होता. वारा दर रविवारी समोरूनच असतो.

भाचीचे म्हणणे पहिल्यापासून एकच: “मामा, तुम्ही तरी सांगा त्यांना, हब मोटर घ्या म्हणावं.” तिचे खरे आहे. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, तिला चढासाठी वेगळा गिअर लागत नाही. २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५च्या आत चालणाऱ्या विजेच्या सायकलला आपल्याकडे नोंदणी आणि लायसन्सही लागत नाही. त्यात गुळगुळीत होणारे काही नाही आणि आडोसा घालावा असेही काही नाही. भावोजी हे ऐकून घेतात आणि म्हणतात, “हो, पण मग मी काय करू?” या प्रश्नाला भाचीच्या इंजिनिअरिंगमध्ये उत्तर नाही.

पट्ट्यावर गिअर करायचाच तर दोनच का, मधले सगळे का नाहीत, हाही प्रश्न रास्त आहे. हब व्हान डोर्न यांनी झेनिथसारखीच कल्पना स्वयंचलित केली आणि १९५८ साली हॉलंडमध्ये डाफ मोटारीत घातली. तिला गिअर असे नव्हतेच; पुल्या आपोआप लहान-मोठ्या होत. गंमत म्हणजे ती मोटार उलटीही तितक्याच वेगाने पळे, आणि डच लोकांनी पुढे डाफ गाड्यांच्या उलट्या शर्यती भरवल्या. तोच मार्ग १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा स्कूटरने आपल्याकडे आणला. ज्या पुण्यातून १९७२ साली लूना मोपेड बाहेर पडली त्या पुण्याला, मूठ पिळली की गाडी पुढे, हे शिकवावे लागले नाही. पण अशा आपोआप बदलणाऱ्या पुलीला, म्हणजे व्हॅरिएटरला, वजनांचे रोलर, स्प्रिंगा आणि अचूक उतार लागतात. ते कारखान्याचे काम आहे. घरच्या ओट्यावर जमणारी सर्वांत मोठी संख्या दोन, असे भावोजींचे ठाम मत आहे आणि लेखकाला ते पटले आहे. तीन पट्टे करू पाहणाऱ्याला दुसरी जॉकी, दुसरी मूठ आणि तिसरा हात लागेल.

सायकल आता रोज दूध आणते. डेअरी चढाच्या अलीकडेच आहे. तरीही भावोजी आधी चढ चढून वर जातात, दुसऱ्या पट्ट्यावर हमरस्त्याने एक चक्कर मारतात आणि मग दूध घेतात. उन्हाळ्यात ते एकदा नासले. ताईने त्याचे पनीर केले आणि भाजी वाढताना कोणाचे नाव घेतले नाही.

कुणाला हा खटाटोप करावासा वाटत असेल तर विनंती एवढीच. इंजिन घ्यायच्या आधी सायकलचे दोन्ही ब्रेक नवे करा; ३९चा वेग जुन्या रबरांवर थांबत नाही. इंजिनाच्या पाटीवर २५ सीसीच लिहिले आहे ना, हे पैसे देण्याआधी वाचा. बाजारात ३५ आणि ५२ सीसीची तशीच दिसणारी यंत्रे पुष्कळ आहेत आणि ती बसवली की कायद्याने ती मोटारसायकल. पट्टे आणि पुल्या जाळीने पूर्ण झाकल्याशिवाय दोरी ओढू नका, आणि इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात, धोतर किंवा ओढणी नेऊ नका. पट्टा घेताना त्याच नंबराचे दोन घ्या. चामड्याच्या पट्ट्यांच्या काळातले टीटीवालेही एक जादा पट्टा जवळ बाळगत असत.